पलंगाखालच्या बॅटऱ्या

"टॉर्च जरा डावीकडे धर. माझ्या डावीकडे गं, तुझ्या नव्हे."

गाडीतल्या पलंगाची फळी उचलून हे कमरेपर्यंत आत शिरले होते. मला दिसत होते ते फक्त यांचे पाय, एका पायात मोजा आणि एका पायात नाही. टॉर्च धरून धरून माझा हात भरून आला होता. दारापाशी बॅग भरून तयार होती. ती कालही तयार होती आणि परवाही. रोज सकाळी मी तिच्यात दात घासायचे ब्रश टाकायचे आणि संध्याकाळी परत काढायचे.

"मग निघायचं का आज?" मी विचारलं.

"आज कसं निघणार? ही वायर बघ, अजून गरम होतेय."

"केवढी गरम?"

"होतेय म्हटलं ना."

मी खाली वाकून, आत हात घालून वायरीला बोट लावलं. कोमटसुद्धा म्हणता आली नसती. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण बोलले नाही. बोललं की हे फळीखालून बाहेर येणार, मला सगळं पहिल्यापासून समजावणार, आणि त्यात दुपार होणार, हे मला पाठ होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता.

"निघालात का?" तिचा आवाज आणि त्यामागे तिच्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर, दोन्ही एकदम ऐकू यायचं.

"नाही गं ताई. उद्या नक्की."

"उद्या म्हणजे कॅलेंडरातला, की तुझ्या नवऱ्याचा?"

मी टॉर्च बंद केली. फळीखालून लगेच ओरडा आला, "अगं, दिवा कुठे गेला?"

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. डोंगरापलीकडच्या गावात, एका शुश्रूषाकेंद्रात ती राहायची. फुप्फुसं जवळजवळ कामातून गेली होती. नाकाशी नळी, नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनला, आणि मशीनचं दुसरं टोक भिंतीतल्या प्लगला. तिचं जग त्या वायरीच्या लांबीएवढं उरलं होतं. तिथली माणसं चांगली होती, तिची तक्रार नव्हती. पण एके दिवशी तिने फोनवर सरळ सांगितलं, "चिमणे, मला तुझ्याकडे यायचंय. इथली खिडकी भिंतीकडे उघडते. भिंत बघत मरायचं नाहीये मला."

डॉक्टरांनी परवानगी दिली. आडवं झोपवून न्या, मशीन थांबू देऊ नका, कोणीतरी जवळ बसा, एवढंच म्हणाले. कोणीही ॲम्ब्युलन्स बोलावली असती. आम्हीही बोलावणार होतो. पण ताईने सगळा जन्म हॉस्पिटलच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या होत्या, ती ऐकते थोडीच. म्हणाली, "त्या गाडीतून येणाऱ्यांच्या चादरी मीच उकळत होते. त्यात मी पाय ठेवणार नाही. न्यायचं तर तुमच्या त्या चाकांवरच्या घरातून न्या, नाहीतर राहू दे."

चाकांवरचं घर म्हणजे हे मोटरहोम. आत पलंग, बाकडं, छोटा ओटा, एक कपाट आणि दाराला पडदा. आमच्या अंगणात ते कित्येक वर्षं उभं होतं. यांची हायवेलगत शेड होती आणि लोकांच्या जुन्या मोटरहोमची वायरिंग दुरुस्त करणं हाच यांचा धंदा. सगळा गाव यांना मिस्त्री म्हणतो. एका प्रवासी जोडप्याने हे मोटरहोम दुरुस्तीला आणलं, दुरुस्ती संपेपर्यंत त्यांचं आपसात फाटलं, आणि दोघांपैकी कोणालाच ते नको झालं. ते राहिलं ते राहिलंच.

गंमत बघा, यांच्याकडे माणसं येत ती समुद्र पाहून आलेली, बर्फातून आलेली. चहा पितापिता सगळं सांगत. हे मान डोलवत ऐकत आणि हाताने फ्यूज तपासत. स्वतः मात्र गावाची हद्द ओलांडून कधी मुक्कामाला गेले नाहीत. आणि मी? मी बसस्थानकावर तिकीट खिडकीत. लोकांना कुठे कुठे धाडलं त्याला गणती नाही. जाळीतून तिकीट सरकवताना गावाचं नाव मोठ्याने उच्चारायचं, तेवढीच माझी त्या गावाशी ओळख. निवृत्त झाल्यावर कुठेतरी जाऊ म्हणून मी वाट बघत बसले. ती वाट अंगणातल्या त्या गाडीपाशीच अडून राहिली होती, कारण यांच्या मते तिची वायरिंग अजून व्हायची होती.

जुन्या मोटरहोममध्ये दोन संसार असतात, असं हे सांगतात. पुढची बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला. मागे पलंगाखाली असतात त्या घरच्या बॅटऱ्या, दिवे, पंखा, पंप वगैरेसाठी. दोन्हींच्या मध्ये तळहाताएवढा रिले. इंजिन चालू असलं की तो दोघांना जोडतो, म्हणजे पळत्या गाडीची वीज मागेही जाते. इंजिन बंद झालं की तोडतो, म्हणजे मागच्यांनी रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी पुढचीला धक्का लागत नाही. एवढं साधं. पण आधीच्या प्रत्येक मालकाने स्वतःची अक्कल चालवून वायरी वाढवलेल्या, आणि कोणी एकाही वायरीला हात लावून ती काढलेली नाही. हे एक वायर धरून निघायचे ते कपाटामागे जाऊन हरवायचे.

हेही मान्य आहे की काम जोखमीचं होतं. ऑक्सिजनचं मशीन म्हणजे पंखा नव्हे, वीज ढसाढसा पितं. दिवसभराचा रस्ता, मध्ये घाट. यांनी दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या. पुढून मागे अंगठ्याएवढी जाड वायर टाकली. मशीनला घरच्यासारखी वीज मिळावी म्हणून इन्व्हर्टर बसवला. तसंच एक मशीन भाड्याने आणून अंगणात इंजिन चालू ठेवून दिवसभर चालवून पाहिलं. हे समोर स्टुलावर बसून होते, जेवणाचं ताटही तिथेच मागवलं आणि मशीनवरची नजर न काढता जेवले. मशीन एकदाही अडखळलं नाही. मी हरखून गेले. ताईसाठी पुढच्या खोलीत पलंग लावला, धुतलेली चादर घातली, उशी उन्हात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "अंगणात चाललं खरं. पण घाटात?"

यांचा स्वभावच तो. "झालं" हा शब्द मी यांच्या तोंडून ऐकलेला नाही. शेडमधून गाडी दुरुस्त होऊन निघाली तरी हे खिडकीला हात लावून फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत जायचे आणि म्हणायचे, "थांबा हं, एकदा बघतो." गिऱ्हाईक हसायचं. मी हसून हसून थकले होते. आम्ही लग्नाला निघालो की कोपऱ्यावरून परत, गॅस बंद केला का बघायला. सिनेमाला निघालो की परत, कुलूप ओढून बघायला. बसल्या जागी पाय हलत राहणार, हातात काही नसेल तर टेबलावरचा चमचा फिरवत राहणार. मी म्हणायचे, तुमच्या अंगातच चुकून कोणीतरी इंजिन बसवलंय, पण चाकं बसवायची राहिली.

आता ताई वाट बघत होती. फोनवर तिचा आवाज रोज जरासा खाली यायचा. पूर्वी एका श्वासात वाक्य व्हायचं, आता दोन श्वास लागायचे. यांना ते ऐकू येत नव्हतं असं नाही. ऐकू यायचं म्हणूनच हे पुन्हा फळीखाली शिरायचे. मला ते कळत होतं, आणि कळत असूनही राग येत होता.

आणि मग त्या दिवशी, ताईने तो कॅलेंडरचा टोमणा मारल्यावर, मी टॉर्च पुन्हा लावली आणि फळीखाली तिसरी बॅटरी बघितली.

दोन नव्या चकचकीत बॅटऱ्यांच्या शेजारी एक काळपट, कोपरा तुटलेली बॅटरी. शेडमधली. ती मी ओळखत होते, तिच्यावर पाय ठेवून हे माळ्यावरचं सामान काढायचे.

"ही इथे कशाला?"

"असू दे. अजून थोडा जीव आहे तिच्यात. जास्त असलेली बरी."

"अहो, तुम्हीच तर गिऱ्हाइकांवर ओरडायचात. नवीच्या शेजारी जुनी बांधू नका, जुनी काही देत नाही आणि नवीचं ओढून घेते म्हणून."

"ते गिऱ्हाइकांसाठी."

"आणि ताईसाठी?"

हे बाहेर आले. कपाळावर काळा पट्टा उमटला होता. "तू मला धंदा शिकवू नकोस," एवढं म्हणाले आणि पाना शोधायला लागले. पाना यांच्या हातातच होता.

मी टॉर्च पलंगावर ठेवली, बॅग उचलली आणि चालायला लागले. कुठे म्हणून यांनी विचारलं. मी म्हटलं, "बसने जाते. तिच्याजवळ बसून राहीन. तुमची वायर गार झाली की या."

खरंच निघाले होते हो मी. आयुष्यात पहिल्यांदा तिकीट खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहणार होते. गल्लीचं तोंड ओलांडून मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा मागून तो ओळखीचा खडखडाट आला. मोटरहोम माझ्या चालीने माझ्या शेजारून चालू लागलं. खिडकीतून यांचं तोंड.

"बस आत."

मी चालत राहिले.

"अगं, लोक बघतायत. मागे गाड्या खोळंबल्यात."

"खोळंबू देत. त्यांनाही कळू दे कसं वाटतं ते."

पण चढले. चढताना बघितलं, यांनी एका पायात मोजा आणि पायात घरातल्या चपला, तशीच गाडी काढली होती. ओट्यावर चहाचं भांडं अर्धं भरलेलं. घराला कुलूप लावलं का, असं मी विचारणार होते; पण विचारलं असतं तर आम्ही परत वळलो असतो.

केंद्रात पोहोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. ताईला मी बऱ्याच वर्षांनी बघत होते. उशीवर तिचं तोंड तेवढं दिसत होतं, बाकी चादर जवळजवळ सपाट. मी तिचा हात धरला. ती मात्र यांच्याकडे बघत म्हणाली, "या मिस्त्री. फार लवकर आलात."

सकाळी तिथल्या सिस्टरने तिला गाडीत चढवायला मदत केली. एक छोटा सिलिंडरही दिला. "मशीन बंद पडलंच तर हा लावा. पण भरवसा ठेवू नका, लवकर संपतो," असं बजावलं. यांनी सिलिंडरचा काटा तीनदा बघितला.

गाडी निघाली आणि ताईने मान वळवली ती खिडकीकडे. शेतं, विजेचे खांब, सायकलवरून जाणारी मुलं, एका घराच्या छपरावर वाळत घातलेले कपडे. ती कपड्यांकडे बघून म्हणाली, "बघ, पांढऱ्यांत लाल घातलंय. गुलाबी होणार सगळं." आम्ही दोघी खूप हसलो. हसताना तिला धाप लागली तरी ती हसत राहिली. मी पलंगाजवळ खाली बसले होते, तिचे पाय माझ्या खांद्याशी. पलंगाखालून इन्व्हर्टरचा बारीक गुणगुणाट येत होता.

पुढून दर थोड्या वेळाने यांचा आवाज यायचा, "मशीन चालू आहे ना?"

"आहे."

"दिवा हिरवा आहे ना?"

"हिरवा आहे."

चौथ्या-पाचव्यांदा ताईच बोलली. "मिस्त्री, बंद पडलं तर मी सांगेन की. आणि नाही सांगितलं, तर समजून घ्या."

पुढून फक्त गिअर बदलल्याचा आवाज आला.

घाट निम्मा चढून झाला आणि गाड्या थांबल्या. वर वळणावर एक ट्रक आडवा झाला होता, असं पुढचे लोक उतरून सांगत होते. इंजिन चालूच ठेवलं होतं, पण उभ्या गाडीचं इंजिन मागे वीज देतं ती थेंबाथेंबाने, आणि मशीन तर पहिल्यासारखंच पीत होतं. उन्हाने टप तापला. मी ताईला पुठ्ठ्याने वारा घालत होते. ती मध्येच नाक आक्रसून म्हणाली, "चिमणे, अंडी आणली होतीस का? नासलीत."

अंडी नव्हती. वास मलाही आला. पलंगाखालून येत होता.

मी यांना हाक मारायच्या आत इन्व्हर्टर ओरडायला लागला. बारीक, लागोपाठ शिटी. मग मशीनने एक लांब सूर काढला आणि त्याचा हिरवा दिवा लाल झाला. घरघर थांबली. इतके दिवस जो आवाज मला नकोसा वाटायचा तो थांबताच मी सिलिंडर ओढून घेतला.

यांनी इंजिन बंद केलं आणि मागे धावत आले. मी सिलिंडरची नळी ताईच्या नाकाशी लावली. बॅटऱ्या तर तिच्या पलंगाखाली. यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि समोरच्या बाकड्यावर माझ्या अंगावर रेलून बसवलं. उचलताना यांचा चेहरा बदलला. तिचं वजनच नव्हतं.

फळी उचलली. ती जुनी बॅटरी पोटाशी फुगली होती आणि तिच्यातूनच तो वास येत होता. यांनी हात जवळ नेला आणि झटकन मागे घेतला, इतकी ती तापली होती. आतून कुठेतरी मेली होती आणि दोन्ही नव्यांची वीज गिळत बसली होती.

"वीज सगळी बंद करायला हवी. वायू साठलाय, ठिणगी पडली तर..." हे म्हणाले. दारं-खिडक्या उघडल्या, इन्व्हर्टर बंद केला. आणि मग यांनी काय करावं? खिशातून वीज मोजायचा मीटर काढला आणि पहिल्या बॅटरीला लावला. मग दुसरीला. मग पुन्हा पहिलीला. मीटरच्या सळया बॅटरीच्या टोकांवरून घसरत होत्या. ओठ हलत होते. वायर असेल का, फ्यूज असेल का, रिले असेल का, असं काहीतरी पुटपुटत होते. मी बघत होते. लग्नाला निघून कोपऱ्यावरून मागे वळणारा माणूस इथेही मागेच वळत होता. सिलिंडरवरचा काटा माझ्या डोळ्यांदेखत खाली येत होता. ताईच्या छातीचं वर-खाली होणं मला अंगाशी जाणवत होतं.

"मिस्त्री," ताई म्हणाली. "इकडे बघा."

यांनी मान वर केली.

"तिघींतली..." तिने श्वास घेतला. "वाईट कुठली?"

"ही. जुनी. पण एकदा नीट मोजून..."

"मोजल्यावर... बदलणार आहे का?"

यांनी मीटरकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही."

"मग काढा. माझ्याकडे बघत... जुनं काढू म्हणू नका, म्हणजे झालं."

मला हसू आलं की रडू, ते मला अजून सांगता येत नाही. यांनी मीटर खाली ठेवला. क्षणभर हात मांडीला पुसले. मग पाना घेतला आणि त्यानंतर यांचा हात एकदाही घसरला नाही. आधी काळी वायर, मग लाल. ताईची शाल बॅटरीभोवती गुंडाळली, तिला पोटाशी धरून पायऱ्या उतरले आणि रस्त्याच्या कडेला, गाडीपासून लांब, दगडांत नेऊन ठेवली. मागच्या गाडीतला माणूस काही विचारत होता, त्याला नुसता हात दाखवला. परत येऊन वायरींची टोकं बांधली, वास गेला का ते नाकाने बघितलं, आणि इंजिनाची चावी फिरवली. पुढची बॅटरी शाबूत होती, इंजिन पहिल्या झटक्याला लागलं. मग इन्व्हर्टर. मशीनने एक छोटी शिटी दिली आणि घरघर सुरू झाली. दिवा पुष्कळ वेळ लाल राहिला. नंतर हिरवा झाला.

हे दाराच्या पायरीवर जाऊन बसले. आमच्याकडे पाठ होती. खांदे हलत होते. माझ्या नवऱ्याला मी रडताना बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हाही हे दिव्याचं बटण दुरुस्त करत होते.

"मीच घातली ती," तसेच पाठमोरे म्हणाले. "सगळ्या जगाला नको सांगत आलो आणि मीच घातली. वाटलं, कमी पडली तर? वाटेत काही झालं तर मी कोणाला तोंड दाखवू? जीव घ्यायची वेळ आणली मी, ताई."

ताई पुन्हा पलंगावर होती. ती बोलली, अगदी हळू, पण इंजिनाच्या आवाजातही ऐकू आलं.

"भीती वाटली तुम्हाला. वाटू दे की. माझ्यासाठी कोणी इतकं घाबरून... किती वर्षं झाली."

यांनी वळून बघितलं नाही. शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. ट्रक हलेपर्यंत ते पायरीवरच बसून होते, आणि यांचा पाय हलत नव्हता. गाड्या सुटायला लागल्या तेव्हा उठले, गार झालेली बॅटरी आणून मागच्या डिकीत टाकली आणि गाडी चालवायला बसले. घाट उतरून सपाटीला लागेपर्यंत पुढून एकही प्रश्न आला नाही. मीच मधूनमधून सांगत होते, चालू आहे म्हणून.

आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा उन्हं कलली होती. घराला कुलूप नव्हतंच, कडी तेवढी लागलेली. गाडी दारासमोर थांबली. पुढच्या खोलीची खिडकी उघडी होती आणि तिच्यातून मी लावलेला पलंग, चादर, उशी, सगळं गाडीतूनही दिसत होतं. मी एक सुस्कारा सोडला. आलो बाई एकदाचे. उठले, दार उघडलं, एक पाय खाली टाकला.

"चिमणे, थांब जरा."

ताई मान वळवून आमच्या घराकडे बघत होती. दार, पायऱ्या, खिडकी. सावकाश सगळं बघून झालं.

"छान आहे घर," ती म्हणाली. "खिडकी मोठी आहे."

"रस्ता दिसतो तिच्यातून. चल, यांना सांगते तुला उचलायला."

"आत गेले की मी पुन्हा बाहेर येणार नाही." तिने श्वास घेतला. "म्हणजे येईन. पण तेव्हा मला काही दिसणार नाही."

नाही गं, असं कसं म्हणतेस, बरी होशील, असलं काही तिच्यापुढे बोलता येत नाही. तिने फार चादरी धुतल्या होत्या.

"अजून जरा पुढे गेलो तर चालेल का?"

मी यांच्याकडे बघितलं. हे आरशातून आमच्याकडे बघत होते. कालपासून अंगावर तोच शर्ट, पायात घरातल्या चपला, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता म्हणतील अंधार पडेल, म्हणतील आधी एकदा सगळं बघतो. मी मनातल्या मनात तिला काय समजावायचं त्याची जुळवाजुळव करायला लागले.

"कुठे जायचं, ताई?" यांनी विचारलं.

"रस्ता जाईल तिकडे."

यांनी गिअर टाकला. मी पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं. गाडी हलली. मी पलंगाजवळ खाली बसले, ताईचा पाय हातात घेतला. तो गार होता, मी तो चोळत राहिले. आमचं दार, आमच्या पायऱ्या आणि तो लावलेला पलंग खिडकीतून हळूहळू मागे गेले. गल्ली संपल्यावर हे उजवीकडे वळले. त्या बाजूला आम्ही कधी गेलो नव्हतो.